जुन्या ब्रिटिश गाड्या: खरंच भारी होत्या, की नुसतेच उसासे?

टेकडीवरचा

राम राम मंडळी. मुक्काम नॉर्दॅम्प्टन, इंग्लंड.
आमच्या गल्लीत एक गोरे आजोबा राहतात, त्यांच्याकडे १९६३ ची मॉरिस मायनर ट्रॅव्हलर आहे. ती मागच्या अर्ध्या भागाला लाकडी चौकट असलेली, हिरवी. आता गुडघ्यांमुळे त्यांना क्लच दाबवत नाही म्हणून विकायचीय आणि त्यांनी पहिलं मलाच विचारलं, कारण मी येताजाता तिच्याकडे बघत उभा राहतो हे त्यांनी खिडकीतून पाहिलंय. तर घ्यावी का, हा छोटा प्रश्न.
मोठा प्रश्न वेगळाय. इथे उन्हाळ्यात रविवारी कुठल्याही गावच्या मैदानावर जा, जुन्या गाड्या रांगेत लावून, बॉनेट उघडून, घडीच्या खुर्च्या टाकून लोक बसलेले असतात आणि प्रत्येकाचं एकच, हल्ली अशा बनत नाहीत. मला मनातून वाटतं की बरंय बनत नाहीत ते. हीटरला वेगळे पैसे, सीटबेल्टचा पत्ता नाही, ब्रेक लावायचा विचार आदल्या चौकात करायचा. १९५० साली हा देश जगात सगळ्यात जास्त गाड्या निर्यात करत होता. एवढं सगळं भारी होतं तर ते गेलं कुठे?
ज्यांनी तो काळ इथे काढलाय किंवा ज्यांच्या आईवडिलांनी काढलाय त्यांनी लिहा. ॲम्बॅसिडरवाल्यांनाही मज्जाव नाही, तीही शेवटी मॉरिसच.

रिकामटेकडा

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

झणझणीत

आमच्या घरी १९७२ ची फियाट होती. काय गाडी होती राव! खंबाटकी घाट टॉप गिअरमध्ये. इंग्रज ते इंग्रज!

नटबोल्ट

@झणझणीत, फियाट इटलीची हो. कुर्ल्याला बनायची ती प्रीमियर कंपनीची, वालचंदांची.

आणि खंबाटकी टॉप गिअरमध्ये? उतरताना असेल.

झणझणीत

बरं मग, इटालियन ते इटालियन. :) चालू द्या.

बर्नलीकर

या धाग्यावर बहुधा मीच सगळ्यात म्हातारा. १९६६ च्या जानेवारीत पुण्याहून डॉक्टरकी करायला इकडे आलो, लँकेशायरात बर्नलीला. तेव्हा गिरण्यांचं गाव, सगळीकडे धुराडी, दुपारी चारला अंधार. आमच्या आधी आलेले एक मद्रासी डॉक्टर कॅनडाला निघाले होते, त्यांची मायनर मी हप्त्याने घेतली. भारी की भंगार हा प्रश्न तेव्हा डोक्यात आलाच नाही हो. रात्री बस बंद होत आणि पेशंट नेमके त्याच्यानंतर अत्यवस्थ होत, म्हणून गाडी.

थंडीचं सांगतो. रात्री बॉनेटवर पांघरूण घालायचं. मी घातली आईने बांधून दिलेली सोलापुरी चादर, लालभडक, मोरवाली. हॉस्टेलच्या आवारात बाकीच्यांची करडी ब्लँकेटं आणि मधे आमचे मोर. सकाळी चोक ओढायचा, बॅटरीचा जीव वाचवायचा म्हणून आधी हँडल मारून इंजिन थोडं मोकळं करायचं, मग चावी. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याभोवती वेटाळायचा नाही, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट जातं. मनगटाच्या त्या मोडण्याला आमच्या पुस्तकात नावच होतं, शोफर्स फ्रॅक्चर. हे नाव मी बी. जे. मध्ये पाठ केलं होतं तेव्हा कळलं नव्हतं, शोफरचंच हाड का मोडतं. इकडे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात एक दूधवाला दाखवायला आला, सुजलेलं मनगट घेऊन.

मी यायच्या जेमतेम महिनाभर आधी मोटरवेवर ताशी ७० मैलांची मर्यादा लागली होती, चाचणी म्हणून. १९६७ मध्ये ती कायम झाली. त्याआधी मर्यादाच नव्हती. सगळे डॉक्टर चहाला बसले की त्यावर तावातावाने बोलत, व्यक्तिस्वातंत्र्य वगैरे. मी गप्प. माझी गाडी साठला गेली की आरसा असा थरथरायचा की मागे एक लॉरी आहे की तीन ते कळायचं नाही.

बाकी मोठ्या प्रश्नावर नंतर लिहितो, डोळे दुखतात.

मृदगंधा

काका, मोरवाली चादर!! _/\_ अजून लिहा, सावकाश लिहा पण लिहा.

खवट पुणेकर

काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून, मी धागाकर्त्याच्या बाजूने. आठवणी गोड असतात, गाड्या नव्हत्या.

मुळात युद्धानंतर सरकारने पोलाद त्यालाच दिलं जो माल बाहेर विकेल. स्टॅफर्ड क्रिप्स, तेच आपल्याकडे १९४२ मध्ये योजना घेऊन आलेले, त्यांनी १९४५ मध्ये कारखानदारांना सांगितलं की निम्मा माल निर्यात करा, आणि कारखानदारांनी तिथेच आरडाओरडा केला. म्हणजे देशी माणसाला नवी गाडी मिळणार नाही, नंबर लावून वर्षानुवर्षं बसायचं, आणि मिळालीच तर लिहून द्यायचं की इतके दिवस विकणार नाही, कारण दारातून बाहेर काढताच दुप्पट भाव यायचा. वर खरेदीकर. पेट्रोल रेशनवर, थेट मे १९५० पर्यंत. तेही कंपन्यांचं वेगवेगळं नाही, सगळ्यांचं एकत्र मिसळलेलं 'पूल' पेट्रोल, हलक्या दर्जाचं, ते १९५३ पर्यंत चाललं. धंद्याच्या गाड्यांच्या पेट्रोलमध्ये लाल रंग घालत, खासगी गाडीच्या टाकीत लाल सापडलं की खटला. मग पावातून गाळून रंग काढायचे किस्से. हा तुमचा सुवर्णकाळ.

आणि विकलं काय जगाला? इंग्लंडच्या गल्लीबोळांसाठी केलेल्या गाड्या ऑस्ट्रेलियाच्या मातीच्या रस्त्यांवर पाठवल्या. स्प्रिंगा तुटल्या, धूळ आत. ग्राहकाने तोंड फिरवलं ते फिरवलंच. तिकडे वोल्फ्सबर्गचा फोक्सवॅगनचा कारखाना इंग्रजांच्याच ताब्यात होता, इंग्रज मेजर आयव्हन हर्स्टने तो पुन्हा चालू करून दिला, पण ब्रिटिश मोटर कंपन्यांना त्या गाडीत काही दम वाटला नाही. पुढे त्या बीटलने यांची सगळी बाजारपेठ खाल्ली.

उसासे टाकायचेच तर अकलेवर टाका.

नटबोल्ट

खवटभाऊ, इतिहास बरोबर, निकाल चुकीचा.

मायनर घ्या. १९४८ ची रचना, अलेक इसिगोनिसची. रॅक-पिनियन स्टिअरिंग, पुढे टॉर्शन बार, चाकं गाडीच्या कोपऱ्यांत. त्या काळच्या बाकीच्या छोट्या गाड्या बोटीसारख्या कलायच्या, ही वळणात रस्त्याला धरून जायची. गाडी जवळजवळ तयार झाल्यावर इसिगोनिसला ती अरुंद वाटली म्हणून नमुना उभा मधोमध कापून दोन अर्धे सरकवत सरकवत बघितलं आणि चार इंच वाढवली. बंपर तोवर बनून पडले होते, तर ते मधे कापून चार इंचाचा तुकडा जोडला. सुरुवातीच्या मायनरचा बंपर बघा, जोड दिसतो. आणि कंपनीचा मालक लॉर्ड नफील्ड हिला बघून म्हणाला की हे तर पोच केलेलं अंडं दिसतंय. त्याच अंड्याने १९६० च्या डिसेंबरात दहा लाखांचा आकडा गाठला, असं करणारी पहिली ब्रिटिश गाडी. त्या आनंदात कंपनीने ३५० गाड्या फिकट जांभळ्या रंगात काढल्या. रंग भीषण होता हे मान्य.

आपल्याकडे हीच मायनर बेबी हिंदुस्थान नावाने यायची. मग मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज टू म्हणजे लँडमास्टर, आणि सिरीज थ्री म्हणजे ॲम्बॅसिडर. इंग्लंडात सिरीज थ्री १९५६ ला आली आणि १९५९ ला संपली. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला ती २०१४ पर्यंत बनत राहिली. आता सांगा, भंगार गाडी एवढी टिकते?

खवट पुणेकर

टिकते. दुसरी मिळत नसेल तर काहीही टिकतं. :))

झणझणीत

हा बसला!

सुमेधा कॉव्हेंट्री

मी इथलीच, सत्तरच्या दशकात वाढलेली. बाबा एका मोटर कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते (कुठल्या ते सांगत नाही, कॉव्हेंट्रीत तेव्हा दगड मारला तरी मोटर कारखान्याला लागायचा). आमच्याकडे ट्रायम्फ हेराल्ड होती. दरवर्षी ऑगस्टात कॉर्नवॉल. सगळा देश एकाच शनिवारी कॉर्नवॉलला निघायचा आणि सगळा देश एक्झेटरच्या बायपासवर अडकायचा. एम फाईव्ह मोटरवे तिथवर पोचायच्या आधीची गोष्ट, तो आला १९७७ मध्ये. बायपासवर लोक गाडीतून उतरून गवतावर सतरंजी टाकून चहा करत बसायचे, स्टोव्ह पेटवून. आई दशम्या, लसणाची चटणी आणि थर्मासमध्ये आपला चहा घ्यायची. एकदा शेजारच्या गाडीतल्या बाईने चटणी चाखली आणि मग पुढचा तासभर तिचा नवरा गाडी सरकली की आमच्या खिडकीशी थांबवून आईला शिव्या देत होता की आणखी मागत होता ते आम्हाला कळलंच नाही, डेव्हनचं इंग्रजी.

गाडीत आम्ही पोरं पब क्रिकेट खेळायचो. वाटेत जो पब लागेल त्याच्या पाटीवर जेवढे पाय तेवढे रन. ड्यूक ऑफ वेलिंग्टन आला की दोन, रेड लायन आला की चार, क्राऊन आला की आउट, मुकुटाला पाय कुठले. फॉक्स अँड हाउंड्स आला की मारामारी, कुत्रे किती धरायचे म्हणून. बाबांनी नियम केला होता, पाटीवरच्या चित्रात दिसतील तेवढेच.

१९७६ च्या उन्हाळ्यात सीटवर बसवत नव्हतं, काळं रेक्झिन तापून मांड्या भाजायच्या. तरी मला ती गाडी आवडायची कारण तिचं सगळं बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट पुढे उलटायचं आणि बाबा पुढच्या चाकावर बसून काम करायचे, खुर्चीवर बसल्यासारखे.

नटबोल्ट

सुमेधाताई, हेराल्डचा विषय काढलात, आता थांबवू नका मला.

त्या उलट्या बॉनेटची गोष्ट अशी. पन्नासच्या दशकात सगळे एकसंध बॉडी करायला लागले होते, पण स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी कंपनीच बीएमसीने, म्हणजे ऑस्टिन-मॉरिसच्या एकत्र कंपनीने, विकत घेतली. मोठे साचे करून देणारं कोणी उरलं नाही. मग यांनी जुन्या पद्धतीची वेगळी चासी ठेवली आणि वर बॉडी तुकड्या-तुकड्यांत, नटबोल्टने जोडलेली. रेखाटन इटलीच्या मिकेलोत्तीचं. म्हणजे अडचणीतून निघालेली गाडी, पण तिची वळण्याची गोलाई अवघी २५ फूट, लंडनच्या टॅक्सीएवढी. आपल्याकडे १९६१ पासून मद्रासला बनली, स्टँडर्ड हेराल्ड म्हणून. पुढे मद्रासवाल्यांनी तिला चार दरवाजे केले, जे इंग्लंडात कधीच मिळाले नाहीत. कोल्हापुरात आमच्या गल्लीत एक होती, यू टर्न घ्यायची तेव्हा आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो.

लिंबूटिंबू

बालिश प्रश्न, मी ऑटोमॅटिक पिढीची. डबल डीक्लच डबल डीक्लच सगळे म्हणतात, ते नक्की काय असतं?

नटबोल्ट

बालिश अजिबात नाही. जुन्या गाड्यांत खालच्या गिअरला सिंक्रोमेश नसायचा, मायनरला पहिल्या गिअरला शेवटपर्यंत नव्हता. सिंक्रोमेश दोन चक्रांचा वेग जुळवून देतो, तो नसेल तर जुळवायचं काम तुमचं. म्हणून क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला एक हलका दणका द्या म्हणजे आतली चक्रं पळायला लागतात, पुन्हा क्लच दाबा आणि खालचा गिअर टाका. जमलं तर लोण्यात सुरी. नाही जमलं तर सगळ्या चौकाला ऐकू जातं.

मृदगंधा

आमचे ड्रायव्हिंग स्कूलचे सर म्हणायचे, गिअरचा आवाज आला की समजायचं पन्नास रुपये गेले.

रिकामटेकडा

रात्री सविस्तर म्हणालो होतो, पण इथे आधीच सगळे सुटलेत. माझं एकच, सुवेझचं. १९५६ च्या शेवटी कालवा बंद, पुन्हा पेट्रोल रेशन, महिन्याला साधारण २०० मैल जाता येईल इतकंच. ड्रायव्हिंग टेस्ट घेणारे परीक्षक रेशनच्या कामाला जुंपले, म्हणून टेस्टच बंद. मग सरकारने काय केलं, तर शिकाऊ लोकांना एकट्याने गाडी चालवायची परवानगी दिली! शेजारी कोणी बसायची गरज नाही. म्हणजे पेट्रोल नाही तर नाही, पण रस्त्यावर जे होते त्यातले कित्येक शिकाऊ.

आणि त्याच सुवेझच्या चिमट्यातून मिनी निघाली. कमी पेट्रोल पिणारी खरी छोटी गाडी करा असं बीएमसीने त्याच इसिगोनिसला सांगितलं. इंजिन आडवं, गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटात तेलातच, दहा इंची चाकं, स्प्रिंगऐवजी रबर. २६ ऑगस्ट १९५९ ला आली. किंमत करासकट पाचशे पौंडांच्या आत.

खवट पुणेकर

आणि पहिल्या खेपेच्या मिनीत पावसाचं पाणी आत यायचं, पायाखाली तळं. डिस्ट्रिब्युटर जाळीच्या मागे तोंडावर, जोराच्या पावसात भिजला की गाडी बंद. वर फोर्डवाल्यांनी एक मिनी आणून सुटी केली, प्रत्येक तुकड्याचा हिशोब मांडला आणि निष्कर्ष काढला की बीएमसीला दर गाडीमागे ३० पौंड तोटा होत असणार. जगातली सगळ्यात हुशार गाडी, तोट्यात विकलेली. धागाकर्ते विचारतायत ना, गेलं कुठे? इथे गेलं.

नटबोल्ट

पण १९६४ ला मोंटे कार्लो रॅली जिंकली, मग १९६५, मग १९६७. आणि १९६६ मध्येही मिनीच पुढे होती, हेडलाइटच्या दिव्यांवरून बाद केली. ड्रायव्हर पॅडी हॉपकर्कचं नाव घेतल्यावर अजून अंगावर काटा येतो.

खवट पुणेकर

रॅली जिंकून पगार होत नाहीत.

मीटरगेज

मधेच तोंड घालतो. युद्धानंतरच्या स्वस्त गाड्यांत बुडबुडा गाड्या विसरू नका. इसेटा, पुढूनच दार उघडणारी. ब्रायटनला जुन्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात बनायची आणि त्या कारखान्याला रस्ताच नव्हता! सुटे भाग रेल्वेने यायचे आणि तयार मोटारी रेल्वेने बाहेर जायच्या. रेल्वेशिवाय तुमच्या मोटारींचं पान हलत नव्हतं, एवढं लक्षात असू द्या.

झणझणीत

मीटरगेजराव कुठल्याही धाग्यात रूळ टाकतात. :))

मृदगंधा

माझ्यासाठी ब्रिटिश गाड्या म्हणजे मॅचबॉक्स. मुंबईला मामा बोटीवर होता, तो आणायचा. लेस्नी कंपनीच्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायची परवानगी होती, म्हणून त्यांनी तिला एक चिमुकला रोडरोलर करून दिला आणि त्यातून १९५३ ला ही मालिका निघाली. मी माझा लँड रोव्हर अजून ठेवलाय, एक चाक नाहीये. खऱ्या लँड रोव्हरचं पण तसंच ना काहीतरी, पोलाद मिळत नव्हतं म्हणून ॲल्युमिनियमची बॉडी?

रिकामटेकडा

हो, १९४८. आणि हिरवा रंगही विमानांसाठी बनवलेला, उरलेला. नाईलाजाने केलेल्या गोष्टीच यांच्या टिकल्या असं दिसतंय एकूण.

बर्नलीकर

परत आलो. खवट यांचं सगळं वाचलं. ते आकडे आणि कंपन्या सांगतायत, मी दुसरं सांगतो.

ज्या वर्षी मी इथे आलो, १९६६, त्या वर्षी ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,९८५ माणसं गेली. शांततेच्या काळातला तो सगळ्यात वाईट आकडा. आज वाहनं कितीतरी पटींनी वाढली तरी वर्षाला सतराशेच्या आत-बाहेर. मी तेव्हा कॅज्युअल्टीत होतो. शुक्रवार-शनिवारी रात्री अकराला पब बंद झाले की साडेअकरापासून आमची कामं सुरू. सीटबेल्ट नाही म्हणून माणूस काचेतून बाहेर. स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीत, तो दबायची सोय नाही. डॅशबोर्डवर धातूच्या खुंट्या, त्या गुडघ्यात. अठरा-वीस वर्षांची पोरं, आणि त्यांना शिवायला आम्ही पंचवीस वर्षांची पोरं. मला इथल्या लोकांची भाषा धड कळत नव्हती, पण आयांचं रडणं सगळीकडे सारखंच.

शेजारच्या ब्लॅकबर्नच्या खासदार बार्बरा कॅसल वाहतूकमंत्री झाल्या. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. त्यांनी १९६७ च्या ऑक्टोबरात चालवणारा दारू प्यायलाय का ते कळायला श्वास तपासायची नळी आणली. लोकांनी किती शिव्या दिल्या त्या बाईला, धमक्यांची पत्रं आली. आमच्या कॅज्युअल्टीत मात्र त्या नाताळात सिस्टरने चहा केला आणि आम्ही तो बसून, गरम असताना प्यायलो. शनिवारी रात्री. मला दुसरा पुरावा नको.

त्यामुळे टेकडीवरचे, हल्ली अशा बनत नाहीत असं मैदानात कोणी म्हणालं की मीही मनात म्हणतो, बरंच आहे. आणि तरी सांगतो, त्या मायनरमधून आम्ही दोघं लेक डिस्ट्रिक्टला जायचो, प्रेस्टनच्या बायपासवरून. तो देशातला पहिला मोटरवे, १९५८ चा, आणि उघडल्यावर ४६ दिवसांनी थंडीने उखडला म्हणून बंद करावा लागला होता! हे तिथल्या लोकांनी मला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा या देशात घरच्यासारखं वाटलं. हिने साडीवर माझा ओव्हरकोट घातलेला, मांडीवर नकाशा उघडा, आणि नकाशा बघून ती ज्या गावांची नावं वाचायची ती ऐकून मला गाडी बाजूला घ्यावी लागायची हसून हसून. हे गाडीचं श्रेय की आमच्या वयाचं, ते मला वेगळं करता येत नाही आणि करायचंही नाही.

सुमेधा कॉव्हेंट्री

काका...

खवट पुणेकर

काका, यापुढे माझं काही म्हणणं नाही. (म्हणजे आहे, पण दुसऱ्या धाग्यावर.)

लिंबूटिंबू

नळीचं आणि चहाचं वाचून एकदम शांत झाले मी. मग प्रश्न असा, अशी गाडी आजच्या ट्रॅफिकमध्ये चालवावी का?

टेकडीवरचा

सगळ्यांचे आभार, विशेषतः बर्नलीकर काकांचे. काल आजोबांकडे जाऊन चालवून आलो. मत बदललेलं नाही, हे आधीच सांगतो. ब्रेक अंदाजाने लागतात, चाळिसाच्या पुढे बोलायचं तर ओरडून, आणि मागच्या खिडकीच्या पन्हळीत शेवाळ उगवलंय. खरंच उगवलंय, आजोबा म्हणाले बऱ्याच ट्रॅव्हलरमध्ये उगवतं, लाकडावर पाणी धरतं ना. पण पहिल्या गिअरचा नटबोल्टांचा मंत्र दुसऱ्या वेळी जमला आणि आजोबांनी शेजारून 'वेल डन' म्हटलं त्याचा मला एवढा आनंद का व्हावा ते कळत नाही.

तर घेतोय बहुतेक. रोज ऑफिसला नाही, रविवारपुरती. आता व्यवहाराचं सांगा. तपासू काय काय? एमओटीचं, म्हणजे त्या वार्षिक तपासणीचं काय? लंडनला न्यायची झाली तर तो प्रदूषणकर?

गेडनचा वाटाड्या

जुन्या गाड्यांच्या नादातला आहे, म्हणून क्रमाने सांगत नाही, जे महत्त्वाचं ते आधी. ट्रॅव्हलरचं लाकूड शोभेचं नाही. ती ॲशची चौकट मागच्या भागाचा भार पेलते, ते कुजलं तर गाडी तपासणीत नापास. बोथट स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि खालचे कोपरे, चाकांवरच्या कमानींच्या कडा, मागच्या दारांच्या तळाशी टोचून बघा. नवीन दिसणारं वार्निश बघून खूश होऊ नका, उलट संशय घ्या. मग खाली वाका आणि मागच्या पाट्याच्या स्प्रिंगा जिथे अडकतात तिथला पत्रा बघा, आणि पुढच्या बाजूला गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी. गंज तिथून सुरू होतो.

चाळीस वर्षांपुढच्या गाडीला एमओटी सक्तीचा नाही, रोड टॅक्सही माफ, पण तसा अर्ज करून ऐतिहासिक वर्गात नोंद करून घ्या. तो वर्ग असला की लंडनच्या युलेझचेही, म्हणजे त्या प्रदूषणकराचेही पैसे नाहीत. तरी एमओटी दरवर्षी करून घ्याच. परक्या माणसाने वर्षातून एकदा गाडी वर उचलून बघावी, शंभर पौंडांच्या आत झोप मिळते. सुट्या भागांची काळजी नको, मायनरचं आजही जवळजवळ सगळं नवं मिळतं. आणि आजोबांकडे ग्रीसगन असेल ती गाडीबरोबर मागून घ्या, पुढच्या सांध्यांना दर हजार मैलांना ग्रीस लागतं, त्यात आळस केला तर एक दिवस पुढचं चाक वेगळ्याच दिशेला निघतं.

बर्नलीकर

सीटबेल्ट बसवून घे, पुढचे दोन्ही. त्या साली सक्तीचे नव्हते म्हणून आजही कायद्याने लागत नाहीत, ते काही मला सांगू नकोस. बसवून मिळतात. घेतल्याशिवाय बायकोपोरांना बसवू नको.

टेकडीवरचा

घेतो काका. शब्द.

झणझणीत

आणि चादर? सोलापुरी की बर्नलीचा स्टॉक वापरणार?

नटबोल्ट

चादरीचं नंतर बघा, आधी ॲक्सल स्टँडची जोडी घ्या. गाडीबरोबरच्या जॅकवर चाक बदलायचं तेवढंच, त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. आणि फोटो टाका, खालच्या बाजूचेही. वाटाड्या आणि मी बघून सांगतो आजोबांना किती कमी करायला सांगायचं ते.